सोंगाचा विडा

आत्याच्या तेराव्याला जेवायला आलेल्या माणसांनी तिच्याबद्दल एकच शब्द वापरला. सोशीक. पाटावर बसताना कुणी तो उच्चारला, आंचवताना दुसऱ्या कुणी उच्चारला, आणि निघताना एक वयस्क गृहस्थ हात जोडून मला म्हणाले, "असं सोशीक माणूस आता व्हायचं नाही, बाई." मी मान डोलावली. मी उभा जन्म शाळेत शिकवलं. चूक दिसली की तिच्याखाली रेघ ओढायची माझ्या हाताला सवय आहे. त्या दिवशी मात्र कुणालाच दुरुस्त केलं नाही. घरी आले, वही काढली, आणि महिना लोटला तरी अजून पहिल्याच पानावर आहे.

आत्या सोशीक होती हे खोटं नाही. पण मला जी आत्या आठवते ती विनोदी होती. माणसं हसवायची विद्या तिला येत होती, आणि ती विद्या ती फार मन लावून करत असे. दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या घरात जन्मली असती तर तिच्या नावाचे फलक लागले असते, असं मला कधीकधी वाटतं. तिच्या वाट्याला आलेलं नाटकघर म्हणजे आमच्या रेल्वे क्वार्टरची पुढची खोली. प्रेक्षक वीस-बावीस बायका. प्रयोग वर्षातून एक.

माझे वडील पिंगळीला स्टेशनमास्तर होते. निजामाचं राज्य होतं. फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव उर्दूत होतं आणि मराठीतही होतं, आणि दिवसाकाठी मोजक्याच गाड्या थांबत. आमचं क्वार्टर फलाटामागच्या खळग्यात होतं. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही अशा उंचीवर की तिच्यातून फलाटावरची माणसं फक्त गुडघ्यापर्यंत दिसत. धोतराचा काठ, लुगड्याचा घोळ, शेरवानीचा घेर, आणि खाली पाय. आत्या त्या खिडकीशी बसून ज्वारी निवडायची. तिनं जेवढं जग पाहिलं ते असं, खालून.

गाडी गेली की ती आईला म्हणे, "वहिनी, आज एक वकील उतरला. बूट नवे आहेत, पण घरी बायको बोलू देत नसावी."

"तुम्हाला काय माहीत वन्सं?"

मग आत्या सूप बाजूला ठेवून उठायची. चुलीपासून मोरीपर्यंत बूट वाजवत जायची, तिथं जणू टांग्यात बसलेली वकिलाची बायको तिला दिसायची, आणि पुढची चार पावलं ती चवड्यांवर टाकायची. अनवाणी पायांनी ती बुटांचा आवाज कसा काढायची ते मला आजही सांगता येणार नाही. आई पदराचा बोळा तोंडात धरून हसायची, कारण भिंतीपलीकडं वडील वर्तमानपत्र वाचत असत.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी तिचा नवरा गेला. त्याचा चेहरा तिला नीट आठवत नसे, चाल मात्र आठवत असे. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावर लाल आलवण आलं, आणि दर पंधरा दिवसांनी न्हावी परसात येऊन तिचं डोकं करून जाई. तिनं कुंकू लावायचं नाही, बांगड्या भरायच्या नाहीत, विडा खायचा नाही. शुभकार्याच्या दिवशी सवाष्णींसमोर यायचं नाही. हे कुणी तिला रोज सांगत नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. हळदीकुंकू असलं की डाळ वाटायची तिनं, पन्ह्याच्या कैऱ्या उकडायच्या तिनं, आणि पहिल्या बाईचं जोडवं उंबऱ्यावर वाजलं की परसात निघून जायचं, तेही तिनं.

आमच्या भागात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सोंग आणायची एक रीत होती. ओट्या भरून झाल्या, आंब्याची डाळ खाऊन झाली, की जमलेल्यांतलीच कुणी बाई मागच्या दारानं गुपचूप बाहेर पडायची आणि पुरुषाचा वेष करून पुढच्या दारानं यायची. या रीतीचे नियम ठरलेले होते. सोंगाला नाव विचारायचं नाही. ओळखलं तरी ओळख द्यायची नाही. परक्या पाहुण्यासारखं त्याच्याशी बोलायचं, आणि निघताना विडा द्यायचा. सोंगानं तो तिथंच, गौरीसमोर खायचा, आणि पुढच्याच दारानं जायचं. विडा न खाता सोंग गेलं तर गौर उपाशी गेली असं मानत.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी सोंग घेणारी बाई तापानं पडली. बायका खोळंबल्या. गावातल्या एक थोरल्या काकू होत्या, त्यांचा शब्द सगळ्या मानत. आई त्यांच्यापुढं उभी राहिली, पण विचारायचं ते काही तिच्या तोंडून निघेना. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, परसाच्या दाराकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "सोंग तर आलं पाहिजे. कोण येतं ते मी कशाला विचारू? सोंगाला जातगोत नसतं, आणि सोयरसुतकही नसतं."

थोड्या वेळानं पुढच्या दारातून एक तिकीट तपासनीस आत आला. काळा कोट, डोक्याला रुमी टोपी. इतर बायकांना पुरुष व्हायचं तर केस कुठं कोंबावेत हा प्रश्न असे. आत्याला तो नव्हता. टोपी तिच्या डोक्यावर अशी बसली की दोघी-तिघी घाईनं पदर सावरून उभ्या राहिल्या, असं आई सांगायची.

तेव्हापासून दर चैत्रात आत्याचा प्रयोग होऊ लागला. स्टेशनच्या बाजूला कंदील ठेवायची एक खोली होती, बत्तीघर म्हणत तिला. तिथं खिळ्यावर वडिलांचा जुना कोट टांगलेला असे. रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको तिला कोट चढवायला मदत करायची आणि मग घाईनं येऊन ओसरीच्या कडेला बसायची, सगळ्यांत मोठ्यानं हसायला. वडील नेमके त्याच वेळी स्टेशनात काहीतरी लिहायला जाऊन बसत. प्रयोग झाला की आत्या पुन्हा बत्तीघरात जाई, कोट उतरवी, कोळशाच्या पुडीनं दात आणि जीभ घासून घासून विड्याचा रंग काढी, आणि आलवण नेसून परसदारानं घरात येई. मग दोघींचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"कुठं होतात वन्सं? मघाशी एक साहेब येऊन गेले."

"होय का? मी गोवऱ्या थापायले होते."

"फार हसवलं बघा त्यांनी."

"असतात एकेक माणसं," आत्या म्हणायची आणि भांडी घासायला बसायची.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी लहान पोरांना सांधेवाल्याकडं ठेवत. सहाव्या वर्षी मी हट्ट केला, नवं परकर-पोलकं नेसले, आणि आईच्या मांडीला टेकून पुढं बसले. गौर पितळेच्या लहानशा झोपाळ्यात होती. तिच्यासमोर कलिंगडाचं कमळ कापून ठेवलं होतं.

तपासनीस आला. हातात अडकित्ता. तोच त्याचा तिकीट कापायचा चिमटा. आल्या आल्या तो गौरीपुढं थबकला.

"ये कौन बाई हैं? झूले में बैठको जा रईं. टिकट कां है इनका?"

ओसरीवरून सांधेवाल्याची बायको ओरडली, "आवो साहेब, ती आमची गौर हाय."

"होंगी अपने घर की गौर. गाडी में सब पासिंजर." त्यानं कलिंगडाला टिचकी मारली. "और सामान देखो कित्ता."

बायका हसून हसून एकमेकींवर कलल्या. तो रांगेनं फिरू लागला. कुणी हळदीची वाटी तिकीट म्हणून दाखवली, कुणी हातातल्या बांगड्या. थोरल्या काकूंनी आपल्या कपाळावरच्या आडव्या कुंकवाकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "हे बघा आमचं."

तपासनीस वाकला. डोळे बारीक करून पाहिलं. "बहोत पुराना टिकट है माँ," तो म्हणाला, आणि थोडा विचार करून, "चलेगा. बैठो." काकूंचे यजमान तेव्हा ऐंशीच्या घरात होते. काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी घाबरले होते आणि मला फार मजाही वाटत होती. गाडीतला खरा तपासनीस मी पाहिला होता, हा अगदी तसाच होता. मग आईनं विडा दिला. साहेबांनी तो तोंडात घातला, सावकाश चावला, डोळे मिटले. त्या क्षणी खोलीत कुणी हसत नव्हतं. तो आनंद काही सोंगातला नव्हता, हे मला फार पुढं कळलं. निघता निघता त्याची नजर माझ्यावर गेली. तो खाली वाकला, अडकित्ता माझ्या नाकापुढं वाजवला आणि म्हणाला, "और ये? आधा टिकट?" आणि हसला.

ते हसू रोज सकाळी माझी वेणी घालताना माझ्या मागं असायचं. मला इतका हर्ष झाला की मी टाळी वाजवली.

"आत्या! तुझी जीभ लाल झाली!"

कुणीच हललं नाही. गौरीचा झोपाळा कुणीतरी मघाशी हलवला होता, त्याची कडी तेवढी कुरकुरत होती. साहेबांचं तोंड मिटलं. विडा गालात तसाच राहिला, गिळताही येईना आणि थुंकताही येईना. आत्यानं अडकित्ता गौरीसमोर ठेवला, पाठ केली, आणि ती स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर गेली. तेव्हाही ती पुढच्या दारानं गेली असती, तर कदाचित सगळं सावरलं असतं. सोंग पुढच्या दारानं जातं. मागच्या दारानं गेली ती विधवा नणंद होती, आणि सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं.

आईनं माझा दंड धरला. थोरल्या काकू म्हणाल्या, "पोरीवर हात उगारू नको. ती खोटं बोलली नाही." मग हळदीकुंकवाचं तबक त्यांनी खाली ठेवलं. "पण आता मला दिसलं गं. दिसलेलं न दिसलं कसं करू?"

त्या संध्याकाळी आईनं "कुठं होतात वन्सं" असं विचारलं नाही. आत्यानं मला दूधभात कालवून दिला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर काय चुकलं ते मला कळलं तरी असतं.

पुढच्या चैत्रात सोंग दुसऱ्या एका बाईनं आणलं. ती पटक्यात केस कोंबून आली, मिशीला हात लावून एकटीच हसत राहिली, आणि तिच्या हसण्याला बाकीच्या हसल्या. वडिलांचा कोट आईनं सांधेवाल्याला देऊन टाकला. आत्या ज्वारी निवडायला खिडकीकडं पाठ करून बसू लागली. गाडी यायची, पाय उतरायचे, चढायचे, आणि ती खडे वेचत राहायची. एकदा आईनंच म्हणून पाहिलं, "वन्सं, बघा तरी कोण उतरलं ते." आत्या म्हणाली, "कुणी का उतरेना."

मी दहा वर्षांची झाल्यावर आईनं मला सगळं सांगितलं. रीत, नियम, बत्तीघर, कोळसा. तिला वाटलं असेल, आता समजण्याइतकी झाली. समजलं ते असं, की वर्षातला एक दिवस ती माणसांच्या मधोमध उभी राहायची, आणि तो मी एका हाकेनं तिच्याकडून काढून घेतला होता. त्यानंतर कितीतरी दिवस मला आत्याकडून वेणी घालून घेताना मान ताठ ठेवता येत नसे.

त्याच वर्षी मी परभणीच्या शाळेत जाऊ लागले. वडिलांना मुलीनं शिकावं असं वाटे, एवढंच ते कधी बोलून दाखवत. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. पुस्तकांचा नाद मला होताच. पण गाडीत मी पुस्तक मिटून ठेवू लागले. आत्या खिडकीकडं बघत नव्हती, तर माणसं घरी न्यायला हवी होती.

पहिल्यांदा मी कोंबडीवाली नेली. "आत्या, आज डब्यात एक म्हातारी होती. तिनं पदराखाली कोंबडी लपवली होती. तपासनीस आला आणि कोंबडी ओरडली, तर ही खोकायला लागली."

आत्या भाकरी थापत होती. तिनं परातीत पीठ भुरभुरलं. मग म्हणाली, "कशी खोकली?"

मी खोकून दाखवलं.

"असं नसेल. तू आधीच खोकायलीस. आधी कोंबडी, मग खोकला. तिला काय माहीत कोंबडी कधी बोलेल ते?"

आणि हातातली भाकरी तव्यावर टाकून ती बसल्या जागी म्हातारी झाली. पदर नव्हता तिथं पदर आला, त्याखाली काहीतरी फडफडलं, एक चोरटा क्लुक झाला, आणि मग इतका घाबरा खोकला, की भाकरी करपली तरी आम्ही दोघी हसत होतो. आई दारात येऊन उभी राहिली. ती हसली नाही. डोळे पुसून परत गेली.

तेव्हापासून मी रोज कुणाला तरी घेऊन यायची. अत्तरवाला, ज्याला स्वतःलाच अत्तरानं शिंका येत. तहसिलीतला एक कारकून, जो मराठीत भांडायचा आणि भांडण तापलं की उर्दूत जायचा. आत्या मला प्रश्न विचारी. पाय कुठं ठेवला होता? पिशवी कुठल्या हातात? उतरताना आधी कोण उतरलं, तो की त्याचं पोट? माझी उत्तरं चुकली की दुसऱ्या दिवशी मी नीट बघून येई. पुढं मी चार पानं लिहायला शिकले ती या प्रश्नांनी, कुठल्या पुस्तकानं नव्हे.

एकदा परभणीच्या फाटकावर मी एक खेडूत म्हातारा पाहिला. तिकीट हरवलं म्हणून तो बंडीचे खिसे उलटे करत होता, धोतराचा सोगा झाडत होता, पटका सोडत होता, आणि तिकीट त्याच्याच ओठात धरलेलं होतं. मागची माणसं पोट धरून हसत होती. मी घरी येऊन ते सांगताना इतकी हसले की मला वाक्य पुरं करता येईना. आत्या हसली नाही.

"तू तर त्याला हसायलीस," ती म्हणाली. "तो गमतीदार नाही गं. त्याचं तिकीट हरवलंय. त्याला रडू यायलंय. ते ज्याला दाखवता येईल त्यालाच लोक हसतील."

तिनं तो म्हातारा तेव्हा करून दाखवला नाही. पुढंही कधी नाही. मला वाटलं, विसरली.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर राणीसावरगावचं. बैलगाडीनं गंगाखेड, तिथून गाडीनं परभणी, तिथं गाडी बदलून पिंगळी, असा माहेरचा रस्ता. पहिल्या चैत्रात माहेरी हळदीकुंकू करायचं म्हणून मी आले, आणि येतानाच मनाशी ठरवून आले होते.

आधी थोरल्या काकूंकडं गेले. यजमान जाऊन त्यांनाही आता दोन वर्षं झाली होती. त्यांचंही कपाळ मोकळं होतं. खाटेवर बसल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता, दुसरा चांगला होता. मी पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "काकू, उद्या आमच्याकडं हळदीकुंकू आहे. सोंग यावं असं मला वाटतं."

"कोण येणार?"

मी नाव घेतलं नाही. त्यांनी त्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग सुनेला हाक मारली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "उद्या तू जा हळदीकुंकवाला. मला आताशा दिसत नाही. आणि बायकांना सांग, काकू म्हणाल्या, सोंगाकडं फार निरखून बघू नका. दृष्ट लागते."

हे झालं. पण आत्याला कसं विचारायचं? 'आत्या, तू ये' असं म्हटलं की पुन्हा तेच झालं असतं, मी तिचं नाव घेतलं असतं. रात्रभर विचार केला नाही, खोटं कशाला लिहू, झोपले. सकाळी ती डाळ वाटत होती तिथं जाऊन बसले.

"आत्या, आज दुपारी तुला गोवऱ्या थापायच्या असतील ना?"

वरवंटा थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "शेण कुठाय एवढं?" ती म्हणाली, आणि पुन्हा वाटू लागली. मला कळेना हे हो आहे की नाही.

दुपारी बायका जमल्या. आत्या परसात गेली. वडील स्टेशनात निघाले. दाराशी आईनं त्यांना हटकलं, "कोट?" ते म्हणाले, "उकडतंय." उकडत तर होतं. पण ड्युटीवर कोटाशिवाय गेलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खुंटीवरही कोट नव्हता.

ओट्या झाल्या. डाळ झाली, पन्हं झालं. दोनदा मी दाराकडं पाहिलं. एक बाई म्हणाली, "चला गं, चारची गाडी येईल, आम्हाला निघायला हवं." सांधेवाल्याची बायको ओसरीवरून म्हणाली, "बसा की वो बाई. कुटं गाडी पळून जायलीय?" सगळ्या बसल्या. तरी कुणी आलं नाही. मी कुंकवाचा करंडा मिटला.

तेव्हा पुढच्या दारात एक म्हातारा उभा राहिला.

वडिलांचा कोट त्याला लांब झाला होता, दुसऱ्या कुणाचा तरी दिलेला असावा तसा. डोक्याला पटका. ओठात एक पुठ्ठ्याचं तिकीट घट्ट धरलेलं. आत यावं की न यावं अशा बेतानं तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि खिसे चाचपू लागला. डावा खिसा. उजवा खिसा. पुन्हा डावा. कोटाचं अस्तर. पटका सोडून झटकला, त्याखालचं कोरं डोकं सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी श्वासही जोरात घेतला नाही. तो वाकून उंबऱ्याखाली बघू लागला. एक शब्द बोलला नाही, बोलणार कसा, ओठात तिकीट होतं. आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

सगळ्यांत आधी सांधेवाल्याच्या बायकोला हसू फुटलं. "आवो बाबा, तोंडात हाय न्हवं!" मग सगळी खोली हसली. अशी हसली की चारच्या गाडीची शिट्टी कुणाला ऐकू आली नाही. म्हाताऱ्यानं दचकून तोंड उघडलं, तिकीट खाली पडलं, आणि ते उचलायला वाकताना त्याची कंबर मध्येच अडकली. पुन्हा हसू. काकूंच्या सुनेनं गौरीचा झोपाळा धरून ठेवला, नाहीतर धक्क्यानं कलंडला असता.

मी उठले. विडा हातात घेऊन दारापर्यंत गेले. ती माझ्याकडं बघत होती. अकरा वर्षांपूर्वी ज्या क्षणाला मी टाळी वाजवली होती तो पुन्हा समोर होता, आणि तिला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"आत या आजोबा," मी म्हणाले. "कुठल्या गावचे तुम्ही?"

म्हाताऱ्यानं उंबरा ओलांडला. "लांबचा हाय, माय," तो म्हणाला. "लय दिसांनी आलोय."

"मग हे घ्या. हेच तुमचं तिकीट."

त्यानं विडा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, तोंडात घातला. गौरीसमोर बसून सावकाश चावला. नंतर गुडघ्यावर हात टेकत उठला, सगळ्यांना हात जोडले, आणि पुढच्या दारानं गेला.

तो आत्याचा शेवटचा प्रयोग. पुढच्या चैत्रापर्यंत रजाकारांची भीती इतकी वाढली की बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या, आणि त्यानंतर राज्य बदललं, वडिलांची बदली झाली, ती खिडकी, ते बत्तीघर दुसऱ्यांचं झालं. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. शेवटची वर्षं माझ्याजवळ होती. त्या दुपारीबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही.

बायका गेल्यावर मी आणि आई तबकं आवरत होतो. परसदार वाजलं. आत्या आलवणात आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले.

आईनं वर न बघता विचारलं, "कुठं होतात वन्सं? मघाशी एक म्हातारे येऊन गेले."

"होय का?" आत्या म्हणाली. "मी गोवऱ्या थापायले होते."

ती हात धुवायला मोरीकडं वळली आणि वळता वळता माझ्याकडं पाहून हसली. त्या दिवशी तिनं कोळसा लावला नव्हता. जीभ लालभडक होती.

मी तबक पुसत राहिले.